तेलाचा काटा

"आबा, परत एकदा इचार करा. भोक पाडलं की ही फळी पुन्ना सांधायची न्हाई," ड्रिल हातात धरून सोमनाथ म्हणाला. विंझरला रस्त्यालगत त्याचं गॅरेज होतं, पण ही गाडी तिथं न्यायची नाही असा बाजीआबांचा हट्ट, म्हणून तो त्यांच्या अंगणात आला होता.

"पाड," आबा म्हणाले.

ओट्यावर नातीच्या, प्रांजलच्या, लग्नाचे तांदूळ निवडत बसलेल्या सारजाबाईंचा हात सुपातच थांबला. त्या फळीवर या माणसाने कधी माशी बसू दिली नव्हती. पानशेतला बंगला असलेल्या एका साहेबांची ही लाल, उघडी, दोघांनाच बसता येईल अशी विलायती गाडी. आबा त्यांचे ड्रायव्हर. साहेब जाण्याआधी गाडी आबांच्या नावावर करून गेले. तेव्हापासून स्टिअरिंगमागच्या त्या लाकडी फळीला आबा सणासुदीला खोबरेल चोळत आले होते.

आणि काट्यांचं तर त्यांना वावडंच. "मीटर बघून गाडी चालवणारा म्हंजी पंचांग बघून जेवणारा," असं ते म्हणायचे. वेल्ह्याची एसटी वळणाआड असतानाच नुसत्या घरघरीवरून आज ड्रायव्हर कोण आहे ते सांगायचे. नवी नवरी असताना सारजाबाईंनी त्यावर किती पैजा लावल्या, आणि सगळ्या हरल्या.

तेच आबा प्रांजलचं लग्न ठरल्यावर आपणहून म्हणाले होते, गाडीला दोन काटे बसवायचे. एक तेलाच्या दाबाचा, एक तेल किती तापलं ते सांगणारा. रविवारी नवरीला गाडीत बसवून पाबे घाटातून पानशेतला मांडवापर्यंत तेच नेणार होते. प्रांजलच्या बापाला, कुमारला, ते पसंत नव्हतं. या वयात घाट कशाला, म्हणून तो कुरकुरत होता. आबांनी त्याला एका वाक्यात गप्प केलं होतं, "एवढी एक खेप माझी. मग चावी खुंटीला."

"म्हातारपणी इंजिनावरचा भरवसा उडाला व्हय?" सारजाबाईंनी तेव्हा त्यांना चिडवलं होतं. ते नुसते हसले होते.

ड्रिल फिरलं. लाकडाचा भुसा सीटवर पडला. सोमनाथने तांब्याची बारीक नळी इंजिनापासून फळीमागे आणली, तिचे जोड आवळले आणि दोन्ही काटे भोकांत बसवले. "ह्या नळीतनं तेल वर चढलं की काटा उठंल. न चढलं तर इंजिन तिथल्या तिथं बंद करायचं. न्हाईतर आतनं जळून खाक," त्याने प्रांजलला समजावलं.

प्रांजल ड्रायव्हरच्या जागी बसली. आबा तिच्या दाराशी उभे राहिले. सोमनाथला नळी धरून देताना तेलकट झालेले हात गाडीला डाग लागू नये म्हणून त्यांनी पाठीमागे धरले होते. चावी फिरली, इंजिन गरजलं, ओट्यावरची कोंबडी फडफडत पळाली. दाबाचा पांढरा काटा थरथरला आणि सरळ वर चढला.

"चढला! चढला की!" आबा लहान पोरासारखे ओरडले.

सोमनाथ एव्हाना गाडीखाली शिरला होता. "प्रांजलताई, बंद करा. जोड गळतोय का बघतो," तो खालून म्हणाला. प्रांजलने चावी काढून घेतली आणि नळी बघायला वाकून डोकं फळीखाली घातलं. अंगण शांत झालं.

आबांची नजर काट्यावरून हटली नव्हती. तो हळूहळू खाली आला आणि शून्यावर टेकला.

"पोरी, बंद कर!" आबा किंचाळले. "इंजिन बंद कर! तेल चढंना! जळंल सगळं! सोम्या, बंद कर की रं!"

सोमनाथ सरपटत बाहेर आला. प्रांजलने डोकं वर काढलं. तिच्या मुठीत चावी होती. दोघं आबांकडे बघतच राहिले.

"माझ्या तोंडाकडं काय बघताय? बंद करा म्हणतोय न्हवं!" आबांनी गाडीच्या पुढच्या पत्र्यावर जोरात हात आपटला.

हात तिथंच राहिला. पत्रा थरथरत नव्हता. आबांनी तळवा नीट दाबून पाहिला. मग प्रांजलच्या मुठीतली चावी पाहिली.

"आबा..." प्रांजलच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चावी तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे," ते कसेबसे म्हणाले. "रविवारी तू चालव. नवरीच गाडी हाकत आली म्हणून हसले तर हसू देत पानशेतवाले. मी शेजारी बसतो. काटा दिसतोय मला."

सारजाबाई उठल्या तेव्हा सूप कलंडलं, तांदूळ ओट्यावरून खाली सांडले. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. हल्ली चुलीपासून त्या किती हाका मारायच्या. "अवो, वाढलंय." "अवो, च्या निवतोय." तिकडून ना हूं, ना चूं. मग त्या ताट नेऊन त्यांच्यापुढे आदळायच्या आणि शेजारच्या फुलाबाईला सांगायच्या, म्हातारा लई तिरसट झालाय.

"कवापासनं ऐकू येईना तुमाला?" त्यांनी आबांच्या पाठीशी येऊन विचारलं.

आबा वळले नाहीत.

सारजाबाई वळसा घालून त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि तेच पुन्हा, सावकाश विचारलं. आबा त्यांच्या ओठांकडे निरखून बघत होते.

"कवापासनं ते माझं मलाच कळलं न्हाई," ते म्हणाले. "लई दिस मला वाटायचं, तूच मला हाक मारायचं सोडलंस."