गार पिशवी

"मामी, गार नको गं!" जुई म्हणायची. म्हणून फ्रिजमधून आलेली रक्ताची पिशवी मामी आधी पदराखाली धरून बसायची. थॅलेसेमिया पोरीला जन्मतःच आईबाबा दोघांकडून आलेला. दोघंही नोकरीवर, तेव्हा रक्त चढवायला दर तीन आठवड्यांनी दवाखान्यात न्यायची ती मामीच.

जुईला जाऊन महिना झाला. सगळं घर रडलं, मामीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आज भाजीला म्हणून निघाली, तर पाय सवयीनं दवाखान्याच्या रक्तपेढीतच घेऊन आले. तिला बघून सिस्टर चपापल्या.

"न्यायला नाही, द्यायला आलेय," मामी म्हणाली. "परक्यांनी इतकी वर्षं दिलं पोरीला."

सुई टोचली तरी तिला काही वाटलं नाही. दुसऱ्या कुणाचा असावा तसा आपला हात बघत ती पडून राहिली. पिशवी भरली. सिस्टरनी ती बंद केली, तशी मामी म्हणाली, "घटकाभर देता?"

पदराखाली घेतली आणि ती दचकली. पिशवी ऊन होती. अंगाइतकी ऊन.

तिच्या तोंडून हाक निघून गेली, "जुई, हात आण बघू. ही गार नाही गं!"