ओळखीतली केस

"केस माझी नाही," खुर्चीत बसायच्या आधीच बाई म्हणाली. "एका ओळखीच्यांची आहे."

वकीलसाहेब मनातल्या मनात हसले. त्यांच्या कचेरीत येणारं प्रत्येक लचांड आधी ओळखीच्यांचंच असायचं. घटस्फोट ओळखीच्यांचा, फसलेली भागीदारी ओळखीच्यांची. तिसऱ्या भेटीत कुठे ते आपल्या खऱ्या धन्याकडे परत यायचं. म्हणून असल्या वाक्याला साहेब कधी आडवे जात नसत.

"बोला. काय झालंय त्या ओळखीच्यांना?"

"ऑपरेशन झालं होतं. पोटाचं. रक्त टिपायला गॉजच्या घड्या वापरतात ना, त्यातली एक आत राहिलीये."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि बाईकडे नीट पाहिलं. चाळिशीची असेल. केस घट्ट बांधलेले, नखं अगदी मुळापासून कापलेली, हात धुऊन धुऊन कोरडे पडलेले. घरकामाने पिचलेली दिसते. म्हणजे ओळखीचे म्हणजे नवराच, त्यांनी ठरवून टाकलं. एकदा ठरवलं की साहेब सहसा बदलत नसत. कोर्टात याच गुणावर त्यांचं नाव झालं होतं.

"त्यांना हे कळलं कसं?"

"त्यांना नाही कळलेलं अजून. मला कळलंय."

बरोबर. घराघरात असंच चालतं. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. साहेबांच्या बायकोचा होता.

"आज तरी दाखवून आलात का?"

"गॅस आहे गं. गोळी घेतलीये. समोर अशील बसलेत, नंतर बोलतो."

फोन ठेवून त्यांनी बाईकडे पाहून हात झटकला. "तुम्हा बायकांचा जीव उगाच टांगणीला लागलेला असतो. पण तुमचं प्रकरण वेगळं आहे. नीट ऐका. ऑपरेशन फसलं म्हणजे डॉक्टरने हलगर्जी केलीच, असं होत नाही. डॉक्टर काही देव नाहीत. पण पोटात घडी विसरणं म्हणजे नशीब नव्हे, तो निष्काळजीपणा. आधी हॉस्पिटलमधून सगळे कागद मागून घ्यायचे. मग दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत. आणि दाव्याला मुदत असते. ती गेली की मग नुसतं कपाळाला हात लावून बसायचं."

बाई मन लावून ऐकत होती. तिने काहीच लिहून घेतलं नाही.

"समजा," तिने विचारलं, "ऑपरेशनला हजर असलेली एक नर्स खरं सांगायला तयार आहे. तिची नोकरी जाईल?"

"जाऊ शकते. खोटा धीर देणार नाही मी. तिच्यावरही ठपका येईल. पण तिची साक्ष म्हणजे सोनं आहे. तिच्या घरी कोण कमावतं?"

"तीच."

"मग विचार करून ये म्हणावं."

"वर्षभर तेवढंच केलंय तिने."

साहेबांना बाईची दया आली. असल्या बायकांना डॉक्टर म्हटलं की धडकी भरते, वकील म्हटलं की त्याहून जास्त. तिला जरा मोकळं करावं म्हणून ते खुर्चीत मागे रेलले.

"सगळे डॉक्टर तसे नसतात हो. मागच्या वर्षी मलाच कापलं की! पण काय हात त्या माणसाचा. टाका शोधून सापडणार नाही. दिवाळखोर अशिलाची सही जशी अस्पष्ट, तशी रेघ राहिलीये नुसती."

बाई हसली नाही. तिने मान खाली घातली.

"हे पाहा," साहेब गंभीर झाले, "केस राहू द्या बाजूला. त्या माणसाला आधी सांगा. आत्ता घरी जा आणि सांगा. आज तपासणी, उद्या नाही. पुरुषांची जात फार हट्टी. अंगावर काढत बसतात. मागे माझ्याकडे असंच एक प्रकरण आलं होतं. बायको महिनाभर घाबरून गप्प राहिली, आणि शेवटी आतल्या आत पू होऊन माणूस गेला. केस जिंकलो मी. पण त्या बाईच्या तोंडाकडे बघवत नव्हतं."

बाईचे डोळे भरून आले. "सांगायला धीर होत नाही, साहेब. त्यांचा राग फार वाईट आहे म्हणतात."

"रागावू दे की! जिवंत राहिला तरच रागावेल ना? आणि त्या नर्सला माझ्याकडे पाठवा. मी बोलतो तिच्याशी."

"ती आलीये."

साहेबांनी दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

"मीच ती," बाई म्हणाली. "टाके घालायच्या आधी घड्या मोजायच्या असतात. ते काम माझं. एक कमी भरली. डॉक्टर म्हणाले, तुझीच मोजायला चूक झाली, पेशंटला किती वेळ झोपवून ठेवायचं. मी परत तोंड उघडलं नाही."

साहेबांचं गणित पहिल्यांदाच चुकलं होतं. त्यांना ते बिलकूल आवडलं नाही. पण समोर बसलेली साक्षीदार लाखात एक होती, हेही त्यांना लगेच कळलं.

"म्हणजे नवरा नव्हे?"

"नाही. लग्नच नाही केलं मी."

"असो. खरं सांगायला आलात, हे कमी नाही. केस मी घेतली. फीचं नंतर बघू."

"नक्की घेतली?"

"शब्द दिला." त्यांनी कोरा कागद पुढे ओढला आणि पेन उचललं. "पेशंटचं पूर्ण नाव सांगा."

टेबलाच्या कडेला, येणाऱ्या अशिलांना दिसावी अशी, वकीलसाहेबांच्या नावाची पितळी पाटी ठेवली होती. बाईने ती दोन्ही हातांनी उचलली आणि अलगद फिरवून त्यांच्यासमोर ठेवली.