जवळच तर आहे

महाबळेश्वर.

टीव्हीवर घोड्यावर बसलेली, रडवेली इशिता.

"उतरायलाच तयार नव्हती नंतर," पराग म्हणाला. फोन त्याच्या हातात, फोटो भिंतीवरच्या टीव्हीवर. सोफ्यावर त्याचे आईवडील, मनोरमा आणि सुभाष. खाली सतरंजीवर बहीण रुचिता, खास बोरिवलीहून आलेली. उद्यापासून इशिताची शाळा, म्हणून आज सुट्टीची उजळणी.

परागची बायको विनिता चौकटीला टेकून उभी होती. सकाळी वडिलांचा फोन आला, तेव्हापासून ती बसलीच नव्हती.

सापुतारा. लोणावळा. पुन्हा लोणावळा, कारण पहिल्या खेपेला हॉटेल आवडलं नव्हतं.

"एक रविवार घरी नव्हतात तुम्ही," रुचिता म्हणाली. "पायाला भिंगरी लावलीय नुसती."

"पोरीसाठी गं," मनोरमा म्हणाली. "आम्हाला काय हौस आहे?"

उत्तन.

नाही, हा फोटो नाही. उत्तनचा एकही नाही.

उत्तन त्यांच्या मीरा रोडच्या घरापासून रिक्षाने तासाभरात. तिथे विनिताचे वडील, नाथा, सुट्टीभर वाळूवर ओढलेल्या आपल्या बोटीपाशी बसून होते. गुडघे गेले, दर्यावर जाणं संपलं, बोट विकायची ठरली. गिऱ्हाईकही ठरलं. पण बोट दुसऱ्याच्या हाती देण्याआधी घरातल्या लेकराने तिला हळदकुंकू लावून नारळ फोडायचा, हा नाथाच्या घरचा रिवाज. लेकरू म्हणजे इशिता. गिऱ्हाईकाला त्यांनी थांबवून ठेवलं होतं.

सबंध सुट्टीत विनिताने सासरी एवढं एकच मागितलं. मनोरमा म्हणाली, "जवळच तर आहे, कधीही जाऊ." सुभाष म्हणाले, "लांबची बुकिंगं झालीयत. जवळचं कुठे पळून जातंय?" परागने मेसेजवर नुसता अंगठा पाठवला. ती एकटीच लेकीला घेऊन गेली असती; पण दर रविवारी पहाटे उठून सगळ्यांचे डबे कोण भरत होतं? तीच. म्हणून रागातला अर्धा वाटा तिने स्वतःसाठी राखून ठेवला होता.

सकाळी नाथाचा फोन. "गेली गं बाय बोट. तो तरी कवर थांबंल? नारल मीच फोडला. पोरीला काय बोलू नको."

चहा ठेवता ठेवता तिने घरात सांगितलं. मनोरमा म्हणाली, "अरेरे." सुभाषनी साखर कमी घालायला सांगितली.

मालवण.

नारिंगी लाइफ जॅकेटमधली इशिता, पर्यटकांच्या रंगीत बोटीत उभी, हात हलवतेय.

परागने फोटो मोठा केला. "हे बघ. तुझं सारखं चाललं होतं ना, बोट, बोट. बसवली की नाही पोरीला बोटीत?"

"डॉल्फिनसुद्धा दाखवले," सुभाष म्हणाले.

"ही भाड्याची होती, पराग."

"मग काय झालं? बोट ती बोट."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. विनिताची वाटेत कुठे थांबलीच नाही. ती सरळ टीव्हीच्या पुढ्यातून चालत गेली, मालवणचा समुद्र क्षणभर तिच्याआड गेला. कोपऱ्यात खेळणाऱ्या इशिताचा हात तिने धरला.

"चप्पल घाल."

"अगं, मध्येच कुठे?" रुचिताने विचारलं.

"उत्तनला."

"आत्ता?" पराग म्हणाला. "पुढच्या रविवारी जाऊ ना सगळे. गाडी काढतो मी."

विनिता इशिताच्या चपलेचा बंद लावत राहिली.

"बोट तर गेली म्हणालीस सकाळी," मनोरमा म्हणाली. "आता तिथे जाऊन कुणाला बघणार?"

"बाबांना," विनिता म्हणाली. "ते अजून आहेत."