दोन पॉइंट चार

तिसरी चिप यतीनने हातोडीने ठेचली. आधीच्या दोघींसारखीच. त्या दणक्याने चहाचा मग टेबलावरून उडाला आणि फुटला. शेजारच्या बाईंनी पलीकडून भिंतीवर दोनदा ठोकलं. ब्रिस्टलमध्ये संतापाची मजल इथवरच जाते.

"पाच व्होल्ट द्यायचे, नाहीतर शून्य," नवी चिप बोर्डात बसवून तो तिला म्हणाला. "दोन पॉइंट चार कुणी मागितले होते?"

 सोमवारी कंपनीत हा बोर्ड चालला नाही तर नोकरी जाणार होती आणि नोकरीमागोमाग व्हिसा. झुरळाएवढ्या त्या वस्तूला, इतके पाय असूनही, एवढं कळू नये? त्याने खुर्चीला लाथ घातली. खुर्चीचा पाय मोडला.

यतीन तसा सज्जन. माणसावर त्याने आजवर हात टाकला नव्हता, वस्तूंवरच टाकायचा. जिन्याखालच्या दाराला त्याच्या मुठीएवढं भोक होतं. त्यावर ऋजुताने, म्हणजे त्याच्या बायकोने, मराठी मंडळाचं कॅलेंडर लावलं होतं. मागच्या वर्षीचं होतं, पण पाहुण्यांसमोर भोकापेक्षा बरं.

आत्ता ती टेबलापासून दोन हात लांब उभी राहून मीटरवरचा आकडा वाचत होती.

"किती?"

"दोन पॉइंट चार."

हातोडी रेडिएटरवर जाऊन आदळली. ती उचलायला यतीन तरातरा खोलीच्या कोपऱ्यात गेला.

"पाच," ऋजुता म्हणाली.

तो धावत परत आला.

"गेले. परत दोन पॉइंट चार."

तो मागे सरकला. पाच. त्याने नुसता हात पुढे केला. आकडा थरथरला आणि घसरला.

"तू लांब गेलास की ती नीट असते," ऋजुता म्हणाली.

यतीनने भिंग लावलं. चिपच्या इनपुटचा एक पाय कशालाच जोडलेला नव्हता. घाईत त्याच्याकडूनच राहून गेला होता. असा मोकळा सुटलेला पाय शेजारून जे जाईल ते पकडतो, माणसाचा हातसुद्धा.

"बघ ना, मी हिला हातसुद्धा लावत नाहीये," तो हसत म्हणाला. "नुसता जवळ नेला तरी दचकते. आधीच्या तिघी उगाच मेल्या."

त्याने त्या पायाला तार जोडून ती ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, सोल्डर केली. हात नेला. पाच. मूठ नेली. पाच. सोमवार वाचला, व्हिसा वाचला. खुशीत त्याने टाळीसाठी हात वर केला.

ऋजुताचं कोपर चेहऱ्यासमोर आलं. डोळे घट्ट मिटले.

त्याचा हात तसाच वर राहिला.

"अगं, मी तुला कधी हात तरी लावलाय का?"

तिने कोपर खाली घेतलं नाही.

"हिला तरी कुठे लावला होतास?"