आरतीचा आवाज

"माझ्या शिवानीला लेकीसारखं सांभाळा हां," पाठवणीला विहीणबाई म्हणाल्या होत्या, आणि नीराबाईंनी देवासमोर हो म्हटलं होतं.

बायकोला मारलं म्हणून कबड्डी लीगने नीराबाईंच्या लेकावर, हर्षदवर, वर्षभराची बंदी घातली, तसं गाव खवळलं. "घरातलं भांडण मैदानात कशाला? काकी, बंदीवर फेरसुनावणी हाय, लीगच्या समितीला सांगा, सून पाय घसरून पडली. तुम्ही उपासतापासवाल्या, तुमचं खोटंसुद्धा खरं वाटंल!"

सगळे हसले. नीराबाईंची मान खाली गेली. मारहाणीच्या संध्याकाळी सुनेचं रडणं शेजारी जाऊ नये म्हणून त्यांनीच आरतीची घंटा जोरजोरात वाजवली होती.



सुनावणीच्या सकाळी त्यांनी घंटा न वाजवताच पूजा उरकली आणि शिवानीचा हात धरून त्या समितीसमोर जायला दिघीच्या फेरीबोटीकडे निघाल्या. "चल बाय, मी काय ऐकलं ते मीच सांगते."