अंगठा

तिसऱ्यांदाही यंत्रावर लाल दिवाच लागला. "ठसा उमटत नाही, बाजूला व्हा," ऑपरेटर म्हणाला. परीक्षा केंद्राचं फाटक बंद व्हायला दहा मिनिटं उरली होती.

मला रडू येण्याऐवजी संतापच आला. आई अंगठाबहाद्दर. "अंगठा माझ्यापाशी संपू दे, तू सही कर," म्हणत तिने मला शिकवलं. आणि लिपिकाच्या परीक्षेला मी अडले कुठे, तर अंगठ्यावर!

केंद्रप्रमुख बाईंनी येऊन माझी बोटं निरखली. "विड्या वळतेस?"

"आईबरोबर. लहानपणापासून."

"मीही वळायचे. रेषा झिजतात गं. कोरड्या बोटाला जरा तेल लागतं."

माझे केस तर सकाळीच न्हाऊन कोरडे! बाईंनी माझा अंगठा सरळ स्वतःच्या चोपून तेल लावलेल्या केसांवरून फिरवला आणि यंत्रावर दाबला.

हिरवा!

मी पाया पडायला वाकले, तर बाई खेकसल्या, "पाया नंतर पड, आधी पेपर!"

वर्गात हजेरीपटावर मी झोकात सही केली. शेजारी तेलकट अंगठाही उमटला. राहू दे म्हटलं. तो आईचा.