सांजेला आलेला आवाज

रत्नागिरीतल्या गच्चीवर ऊन उतरलं, तेव्हा केतकीने स्वतः जोडलेल्या, ऐकता आणि बोलताही येणाऱ्या रेडिओचं बटण दाबलं आणि किनाऱ्यावरच्या हौशी रेडिओवाल्यांच्या रोजच्या गप्पांत पहिल्यांदाच आपलं नाव सांगितलं.

बोलणारे सगळे आवाज पुरुषांचे होते. त्यांतला एकजण हसत म्हणाला, "वहिनी, मिस्टरांना द्या जरा." बाकीचेही हसले आणि अँटेनाचा अर्धवट राहिलेला विषय पुढे सुरू झाला. हौशी रेडिओच्या परवान्याची रीतसर परीक्षा देऊन ती इथवर आली होती, पण तेवढं सांगायलाही कुणी जागा ठेवली नाही. रेडिओ बंद करायला तिने हात पुढे केला.

तोच खरखरीतून एक मऊ, थकलेला आवाज तरंगत आला. "केतकी, मी वेंगुर्ल्याहून अंबूताई बोलतेय. बंद करू नको गो बाय. खूप वर्षांपूर्वी मी बोलले, तेव्हा मलाही असेच हसले होते. तेव्हापासून मी नुसती ऐकत आले. आज तू बोललीस, म्हणून धीर झाला."

मग मघाचाच माणूस खाकरला. "चुकलं माझं. तुम्ही दोघी बोला. आम्ही ऐकतो."

समुद्रावर जांभळा उजेड पसरला होता. केतकीने विचारलं, "अंबूताई, तुमच्याकडे आभाळ कसं आहे आज?"

इतक्या वर्षांत अंबूताईंना इथे कुणी काही विचारलंच नव्हतं. मग त्या हळूहळू सांगू लागल्या, आणि अंधारत चाललेला सगळा किनारा कान देऊन ऐकत राहिला.